धावपट्टीचे राखणदार

हवाईतळ हे युद्धातील सर्वांत सामर्थ्यवान आणि त्याच वेळी सर्वांत असहाय ठिकाण असते. आकाशात झेपावलेले लढाऊ विमान शेकडो किलोमीटर आत घुसून शत्रूला गाठू शकते, पण तेच विमान जमिनीवर उभे असताना त्याला पळता येत नाही, स्वतःचा बचाव करता येत नाही, आणि ज्या धावपट्टीवरून ते उडणार ती धावपट्टी तर जागची हलवताच येत नाही. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना चिकलठाण्याचा नागरी विमानतळ लागतो; तिथला लांबलचक, सपाट आणि चहूबाजूंनी उघडा पट्टा पाहिला की सैनिकी तळाची अडचण सामान्य वाचकालाही कळू शकते. अशा पट्ट्यात मोक्याच्या दोन-चार ठिकाणी बॉम्बचे खड्डे पडले, तर कोट्यवधींची विमाने धडधाकट असूनही बुजवणी होईपर्यंत निकामी होऊन बसतात. म्हणूनच तळाचे संरक्षण ही युद्धशास्त्रातील एक स्वतंत्र जबाबदारी मानली जाते आणि ती दोन पातळ्यांवर पार पाडावी लागते: वरून येणाऱ्या विमानांना आकाशात अडवणारे वैमानिक व विमानवेधी तोफा ही पहिली पातळी, आणि कुंपणाच्या आत-बाहेर पायी लढणारे सैनिक ही दुसरी.

या दोन्ही पातळ्यांवरील पराक्रमाला एक समान मर्यादा आहे. आक्रमणाला निघालेल्या तुकडीमागे आखलेली योजना असते, नियोजित वेळ असते, परतल्यावर अहवाल देणारे साथीदार असतात. तळाच्या राखणदारावर मात्र प्रसंग अवचित कोसळतो आणि बहुधा काही मिनिटांतच निकाली निघतो. तो त्यात मरण पावला, तर त्याने नेमके काय केले हे सांगायला उरतात ते धुरातून पाहणारे साथीदार, बिनतारी संदेशाच्या दुसऱ्या टोकाला असलेला अधिकारी, आणि कधी कधी खुद्द शत्रू. मरणोत्तर शौर्यपदक शौर्याला मिळते हे खरेच, पण ते मिळण्यासाठी त्या शौर्याला साक्षीदार लागतो. भारतीय हवाईतळांच्या रक्षणाचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर त्यातली अनेक प्रकरणे नव्याने उलगडतात.

या इतिहासाचा आरंभ श्रीनगरच्या धावपट्टीपासून होतो. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये टोळीवाल्यांच्या फौजा बारामुल्लाच्या वाटेने काश्मीर खोऱ्यात उतरल्या, तेव्हा श्रीनगरची धावपट्टी म्हणजे संस्थानिकांच्या छोट्या विमानांसाठी तयार केलेला एक कच्चा पट्टा होता. २७ ऑक्टोबरला दिल्लीहून डाकोटा जातीच्या मालवाहू विमानांतून शीख रेजिमेंटची पहिली तुकडी तिथे उतरली. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय बारामुल्लाजवळ मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. त्या दिवसांत भारतातून तातडीने सैन्य, दारूगोळा व रसद पोहोचवण्याचा दुसरा उपयुक्त मार्ग नव्हता, त्यामुळे खोरे कोणाचे हा प्रश्न व्यवहारात धावपट्टी कोणाच्या ताब्यात या प्रश्नापाशी येऊन ठेपला होता.

३ नोव्हेंबर १९४७ रोजी धावपट्टीच्या जवळच असलेल्या बडगाम गावाच्या परिसरात टेहळणीसाठी काही तुकड्या पाठवण्यात आल्या. त्यांतील ४ कुमाऊं पलटणीच्या ‘डी’ कंपनीचे नेतृत्व मेजर सोमनाथ शर्मा यांच्याकडे होते. हॉकी खेळताना मोडलेला त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, तरीही त्यांनी आग्रह धरून कंपनीबरोबर जाण्याची परवानगी मिळवली होती. दुपारी इतर तुकड्या परतू लागल्यानंतर सुमारे सातशे टोळीवाल्यांनी शर्मांच्या कंपनीवर तीन बाजूंनी हल्ला चढवला. शत्रूचे संख्याबळ सातास एक असे होते, ही नोंद त्यांच्या प्रशस्तिपत्रातच आहे. प्रशस्तिपत्र म्हणजे पदक कोणत्या कृतीसाठी दिले हे सांगणारे अधिकृत निवेदन. आपण इथून हललो तर धावपट्टी आणि शहर या दोहोंची वाट मोकळी होईल हे शर्मा ओळखून होते. त्यांनी गोळीबारात उघड्यावर जाऊन जमिनीवर कापडी पट्ट्या अंथरल्या, जेणेकरून वरून येणाऱ्या आपल्या विमानांना शत्रूची जागा कळावी. आणि माणसे कमी पडू लागली तेव्हा मोडक्या हाताने हलक्या मशीनगनच्या मॅगझिनमध्ये गोळ्या भरून ते गनरना पुरवू लागले. त्याच कामात असताना उखळी तोफेचा एक गोळा जवळच्या दारूगोळ्यावर येऊन फुटला आणि ते मरण पावले. त्याआधी थोडाच वेळ त्यांनी ब्रिगेडच्या मुख्यालयाला बिनतारी संदेश पाठवला होता: शत्रू काही पावलांवर आला आहे, पण आपण एक इंचही मागे हटणार नाही, शेवटच्या गोळीपर्यंत व शेवटच्या माणसापर्यंत लढू, असा त्याचा आशय होता. कंपनीने शत्रूला काही तास अडवून धरले, तेवढ्यात कुमक येऊन पोहोचली आणि ७ नोव्हेंबरच्या शालटेंगच्या लढाईनंतर श्रीनगरवरचा धोका टळला.

सोमनाथ शर्मा हे परमवीर चक्राचे पहिले मानकरी ठरले. हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आले, म्हणून १९४७ च्या लढाईतील कृतीचा त्यात समावेश होऊ शकला. या पदकाशी महाराष्ट्राचा संबंध फार जवळचा आहे आणि तो मराठी वाचकांना जितका ठाऊक असायला हवा तितका नाही. पदकाचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांनी केले. त्यांचे मूळचे नाव ईव्ह इव्हॉन मादे द मारोस; जन्म १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, वडील हंगेरीचे, आई रशियन. ब्रिटनमध्ये सैनिकी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी त्यांचा परिचय झाला, त्या भारतात आल्या आणि १९३२ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढे संस्कृत, पुराणे आणि संतवाङ्मय यांचा त्यांनी इतका खोल अभ्यास केला की महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यानंतर नव्या पदकांचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी रेखाटनासाठी सावित्रीबाईंना बोलावले. कांस्याच्या गोल पदकावर मधोमध राजमुद्रा आणि तिच्या चहूबाजूंना इंद्राच्या वज्राच्या चार आकृती, अशी रचना त्यांनी केली. वज्र हे दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडले, म्हणजे ऋषींनी देह ठेवल्यावाचून ते शस्त्र घडणेच शक्य नव्हते, ही पुराणकथा भारतीय वाचकाला सांगावी लागत नाही. बहुधा मरणोत्तर दिल्या जाणाऱ्या पदकासाठी यापेक्षा समर्पक प्रतीक शोधूनही सापडले नसते. पहिले परमवीर ठरलेले सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंची मुलगी कुमुदिनी यांचे दीर होते. आजवर एकवीस जणांना परमवीर चक्र मिळाले आणि त्यांपैकी चौदा जणांना ते मरणोत्तर मिळाले.

या एकवीस जणांमध्ये भारतीय हवाई दलाचा एकच मानकरी आहे आणि तोही त्याच श्रीनगरच्या धावपट्टीचा राखणदार होता. पहिला परमवीर ज्या धावपट्टीसाठी जमिनीवर पडला, तिच्याच रक्षणासाठी चोवीस वर्षांनी हवाई दलाचा एकमेव परमवीर आकाशात पडावा, हा योगायोग वाटला तरी त्यामागे भूगोलाचा आग्रह आहे, कारण खोऱ्यातील त्या तळाचे महत्त्व दोन्ही युद्धांत सारखेच राहिले.

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों हे पंजाबातील लुधियानाजवळच्या इसेवाल गावचे, हवाई दलातच नोकरी केलेल्या वडिलांचे चिरंजीव. फ्लाइंग ऑफिसर हा हवाई दलातील अधिकाऱ्यांच्या अगदी सुरुवातीच्या हुद्द्यांपैकी एक आहे. सेखों जून १९६७ मध्ये सेवेत दाखल झाले होते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ते १८ व्या स्क्वाड्रनच्या नॅट विमानांच्या तुकडीबरोबर श्रीनगरला होते. नॅट हे आकाराने अतिशय लहान, एका वैमानिकाचे लढाऊ विमान. मूळ रचना ब्रिटिश, पण परवान्याखाली बंगळूरूच्या कारखान्यात बांधलेले. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे शांततेच्या काळात श्रीनगरला लढाऊ विमाने ठेवता येत नसत, त्यामुळे युद्ध सुरू झाल्यावरच ही तुकडी तिथे आली आणि वैमानिकांना तो डोंगराळ मुलूख, ती उंची आणि काश्मीरच्या हिवाळ्यातले बोचरे वारे यांची सवय नव्हती. ही अडचण प्रशस्तिपत्रातही नमूद आहे.

१४ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे ढाक्यातील शरणागतीच्या दोन दिवस आधी, पेशावरहून आलेल्या सहा सेबर विमानांनी श्रीनगरच्या तळावर हल्ला केला. सेखों आणि त्यांच्या जोडीचे प्रमुख फ्लाइट लेफ्टनंट घुम्मण हे त्या वेळी तयारीच्या पाळीवर होते. अशा पाळीवरचा वैमानिक आदेश मिळताच काही मिनिटांत उड्डाण करू शकेल अशा बेताने विमानाजवळच असतो. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना विमान पळवणे म्हणजे पुढचा खड्डा केव्हा पडेल याचा नेम नसताना पूर्ण वेगाने पुढे जाणे. घुम्मण यांनी आधी उड्डाण केले आणि त्यांच्या मागोमाग, बॉम्ब फुटत असतानाच, सेखोंनी विमान वर काढले; मात्र धुळीत व धुक्यात दोघे एकमेकांच्या नजरेआड झाले आणि सेखों एकटे पडले. त्यांनी पळून जाणाऱ्या सेबरांचा पाठलाग केला, डोंगरांच्या मधल्या जागेत झाडांच्या शेंड्यांइतक्या कमी उंचीवर झुंज रंगली आणि एकास अनेक अशा त्या लढतीत त्यांनी एका विमानावर गोळ्या बसवल्या व दुसरे पेटवले, असे प्रशस्तिपत्र सांगते. पाकिस्तानी बाजूने त्या दिवशी विमान गमावल्याचे मान्य केले नाही. दोन्ही बाजूंच्या नोंदी अशा बाबतीत क्वचितच जुळतात. मात्र सेखोंच्या झुंजीबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत आहे. त्यांचे विमान अखेर गोळ्यांनी भेदले गेले, आपल्याला मार बसल्याचे व घुम्मण यांनी मदतीला यावे असे त्यांनी बिनतारीवरून सांगितले, आणि त्यानंतर विमान तळापासून काही अंतरावरच्या घळीत कोसळले. नंतर अवशेष सापडले, पण त्यांचा देह सापडला नाही.

इथे साक्षीचा मुद्दा अगदी स्पष्ट होतो. सेखोंच्या लढतीचा काही भाग तळावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला, काही भाग बिनतारीवर ऐकला, जोडीदार वैमानिक जिवंत परतला, आणि ज्या पाकिस्तानी वैमानिकाच्या गोळ्यांनी विमान पडले त्या सलीम बेग मिर्झा यांनीही पुढे लेख लिहून सेखोंच्या लढण्याची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. परमवीर चक्रासारख्या पदकाची शिफारस तुकडीप्रमुखाकडून निघते, प्रत्यक्षदर्शींच्या निवेदनांसह वरच्या मुख्यालयांच्या छाननीतून जाते, संरक्षण मंत्रालयापर्यंत पोहोचते आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर राजपत्रात प्रसिद्ध होते. या लांब साखळीचा पाया म्हणजे ‘मी पाहिले’ असे म्हणणारा माणूस. तो नसेल तर साखळी सुरूच होत नाही.

मेलेल्या सैनिकाला पदक द्यावे ही कल्पनाही जगात फार जुनी नाही. ब्रिटनच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या १८५६ च्या मूळ नियमांत तशी तरतूदच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी धोरण बदलले आणि १९०७ मध्ये आधीच्या काही मृतांनाही ते पदक देण्यात आले. स्वतंत्र भारताने मात्र पहिल्याच दिवसापासून मरणोत्तर गौरव गृहीत धरला. तरीही साक्षीच्या अभावी उशीर कसा होतो, हे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांच्या उदाहरणावरून कळते. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानच्या सरगोधा तळावरील हल्ल्यात ते मिस्टेअर विमान घेऊन राखीव म्हणून सामील झाले आणि परतलेच नाहीत. त्यांच्या तुकडीतील कोणालाही त्यांचे काय झाले हे दिसले नव्हते. पुढे १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे पाकिस्तानी बाजूवर आधारलेले पुस्तक आले आणि त्यातून असे समजले की तळाच्या रक्षणासाठी उडालेल्या एका स्टारफायटर विमानाशी एका भारतीय मिस्टेअरची झुंज झाली होती. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे ते विमान त्याहून कितीतरी संथ मिस्टेअरने पाडले, त्याचा वैमानिक हवाईछत्रीने उतरून वाचला आणि मिस्टेअरचा वैमानिक मात्र तिथेच मेला. ती वर्णने जुळवून पाहिल्यावर तो वैमानिक देवय्याच होते हे निश्चित झाले आणि १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी, त्यांच्या पत्नी सुंदरी देवय्या यांनी महावीर चक्र स्वीकारले. सरगोधाचा राखणदार आणि त्याच्यावर चालून गेलेला वैमानिक यांच्यातील त्या झुंजीची साक्ष शेवटी राखणदाराच्या बाजूनेच द्यावी लागली.

जमिनीवरून होणाऱ्या रक्षणाची कहाणी वेगळ्या वळणाने जाते. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावरील मालेमेचा तळ जर्मन छत्रीधारी सैनिकांनी जिंकला आणि त्यामुळे सगळे बेटच हातचे गेले, तेव्हा ब्रिटनने धडा घेऊन १९४२ मध्ये तळांच्या रक्षणासाठी स्वतंत्र रेजिमेंट उभारली. भारतात तळांच्या पहाऱ्याचे काम दीर्घकाळ मुख्यतः डिफेन्स सिक्युरिटी कोअर या दलाकडे आहे. सैन्यातून निवृत्त झालेले जवान त्यात पुन्हा भरती होतात. २ जानेवारी २०१६ च्या पहाटे दहशतवादी पठाणकोटच्या हवाईतळात घुसले, तेव्हा या दलातील शिपाई जगदीश चंद हे स्वयंपाकघराच्या परिसरात होते आणि त्यांच्या हातात शस्त्र नव्हते. त्यांनी एका दहशतवाद्याचा पाठलाग केला, त्याच्याशी झटापट करून त्याचीच रायफल हिसकावली आणि तिने त्याला ठार केले. त्यानंतर इतरांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र मिळाले. समोर युद्धातील शत्रू नसताना दाखवलेल्या पराक्रमासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य ही चक्रांची उतरंड आहे. निवृत्तीचे आयुष्य सोडून पहाऱ्याला आलेला जवान निःशस्त्र असताना असे काही करू शकतो, ही गोष्ट कोणत्याही नियमावलीत बसणारी नाही आणि म्हणूनच तिची नोंद जपून ठेवणे अधिक आवश्यक आहे.

हवाई दलाचे स्वतःचे कमांडो दल ‘गरुड’ २००४ मध्ये उभे राहिले आणि महत्त्वाच्या तळांचे रक्षण हे त्याच्या प्रमुख कामांपैकी एक आहे. पठाणकोटच्या हल्ल्यात या दलातील कॉर्पोरल गुरसेवक सिंग मारले गेले व त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळाले. प्रत्यक्ष चकमकीचा अनुभव मिळावा म्हणून गरुडच्या तुकड्या काश्मीरमध्ये सैन्याबरोबर काम करू लागल्या. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी बांदीपोरा जिल्ह्यातील हाजिन भागात सैन्याबरोबर केलेल्या कारवाईत गरुडचे दोन जवान पडले: महाराष्ट्रातील सार्जंट मिलिंद किशोर खैरनार आणि बिहारचे कॉर्पोरल नीलेश कुमार नयन. खैरनार यांचे मूळ गाव नंदुरबार जिल्ह्यातले. दोघांनाही मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झाले. त्याच परिसरात नोव्हेंबर २०१७ मध्ये कॉर्पोरल ज्योतिप्रकाश निराला यांनी प्राण दिले आणि त्यांना अशोक चक्र मिळाले. आकाशातल्या वैमानिकाला नायक मानण्याची सवय असलेल्या समाजाला, विमान दल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेनेत पायी लढणारे लोकही असतात, हे खैरनार यांच्यासारख्यांच्या मृत्यूतून उशिरा का होईना समजले.

याच्या पलीकडे एक गट असा आहे की त्याला मरणोत्तर म्हणणेही अवघड आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील तळावरील हल्ल्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पडले आणि ते बेपत्ता झाले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या त्या काळातील नामांकित बॅडमिंटनपटू. बेपत्ता युद्धकैद्यांचा शोध लागावा म्हणून त्यांनी दशकानुदशके पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये इतर कुटुंबीयांबरोबर पाकिस्तानातील तुरुंगांत जाऊन पाहिलेही, पण निश्चित उत्तर मिळाले नाही. देवय्यांना तेवीस वर्षांनी जी साक्ष लाभली, ती अशा कुटुंबांच्या वाट्याला आलेली नाही.

नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकात २५ फेब्रुवारी २०१९ पासून त्यागचक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत आणि परमयोद्धा स्थळी एकवीस परमवीरांचे अर्धपुतळे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातील एकवीस बेटांना त्यांची नावे दिली गेली, त्यांत सोमनाथ शर्मा आणि सेखों यांचीही आहेत. गावपातळीवर मात्र चौकातल्या फलकावर नाव आणि तारीख एवढेच लिहिलेले बहुधा आढळते, आणि त्या माणसाने त्या दिवशी काय केले हे तिथल्या शाळेतल्या मुलांना सांगता येत नाही. प्रशस्तिपत्रे इंग्रजीत व हिंदीत उपलब्ध असतात. ती मराठीत आणून, हयात असलेल्या साथीदारांची निवेदने त्यांना जोडून ठेवण्याचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना करता येण्यासारखे आहे. छत्रपती संभाजीनगरात राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मराठी मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करते. बडगामची कापडी पट्टी, श्रीनगरचे ते उड्डाण आणि हाजिनची चकमक यांचे मराठीतले प्रमाण वृत्तांत तिथल्या ग्रंथालयात असायला हवेत, आणि खैरनार यांच्याबरोबर त्या दिवशी असलेले साथीदार हयात आहेत तोवरच त्यांचे म्हणणे टिपून घ्यायला हवे.